सेटिंग्ज उघडण्याआधी

नवा संगणक पहिल्यांदा सुरू केला की तो आधी चौकशी करतो. देश कोणता, भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, फाइली क्लाउडवर ठेवू का, जाहिराती दाखवताना तुमची माहिती वापरू का. घरचे सगळे भोवती उभे असतात, कधी एकदा पडदा उघडतो असं झालेलं असतं, आणि 'नेक्स्ट'चं बटण मोठं, ठळक, हाताशी असतं. ही पाच मिनिटं नंतर कुणालाच आठवत नाहीत. पण त्यात जे दाबलं गेलं त्याचे परिणाम पुढची पाच-सहा वर्षं पुरतात.

एकच उदाहरण घेऊ. प्रदेशाच्या प्रश्नाला 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' हे उत्तर तसंच राहून गेलं. वरकरणी काही बिघडत नाही. मग एके दिवशी बँकेचं स्टेटमेंट सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून एक्सेलमध्ये उघडलं जातं. ०३/०४ म्हणजे आपल्या लेखी तीन एप्रिल. एक्सेल ते चार मार्च धरतं, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि तारीख कशी वाचायची हे एक्सेल विंडोजला विचारतं. १३/०४ला मात्र ते अडतं, कारण तेरावा महिना नसतो. मग ती नोंद नुसता मजकूर म्हणून खान्याच्या डाव्या कडेला चिकटून बसते. म्हणजे बारा तारखेपर्यंतच्या बहुतेक नोंदी भलत्याच महिन्यात आणि तेरापासूनच्या कुठल्याच महिन्यात नाहीत. हिशेब बघणारा एक्सेलला शिव्या घालतो, घरातलं पोरगं म्हणतं व्हायरस असेल. दोष दोघांचाही नसतो. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'खाली 'रीजनल फॉरमॅट' असतो, तिथे 'इंग्लिश, इंडिया' निवडून फाइल नव्यानं उघडली की तारखा सरळ येतात. वर १,२३४,५६७चं १२,३४,५६७ होतं ते वेगळंच. लाख-कोटींचे स्वल्पविराम एक्सेलमध्ये कसे आणायचे, हे लोक वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये शोधतात. उत्तर एक मजला खाली असतं.

त्या खालच्या मजल्याबद्दल हे पुस्तक आहे. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तीन घराण्यांपैकी कुठलीतरी एक ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या टेबलावर असते, आणि आपण तिच्याकडे बघतच नाही. बघतो ते तिच्यावर चालणाऱ्या कामांकडे. ते बरोबरही आहे. पण कोट्यवधी यंत्रांसाठी मिळून कुणीतरी एकदाच जी मांडणी ठरवली, ती तुमच्या टेबलावर जशीच्या तशी बसेल असं मानण्याचं कारण नाही. त्यातले बहुतेक निर्णय चांगले असतात. दहा-पंधरा तुमच्या बाबतीत चुकलेले असतात. ते दहा-पंधरा हुडकायचे, बदलायचे, आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, एवढाच या पुस्तकाचा आग्रह आहे. दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे जरा जोर देऊन सांगतो.

कारण संगणक सजवण्याचं एक व्यसन असतं. नवे आयकॉन, पारदर्शक खिडक्या, पडद्याच्या कोपऱ्यात फिरणारं घड्याळ, प्रोसेसरचं तापमान दाखवणारा काटा. लिनक्सवाल्यांमध्ये तर हा अख्खा छंद आहे आणि त्यातली काही कामं खरोखर देखणी असतात. हौसेला ना नाही. पण ज्याला सोमवारी सकाळी जीएसटीचं रिटर्न भरायचंय त्याला त्याचा उपयोग नाही, आणि पुढच्या मोठ्या अपडेटला यातलं पहिलं काय मोडतं तर हेच. पार्श्वभूमीचं चित्र बदलायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. आवडेल ते लावा. विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश आठवत असेल. चार्ल्स ओ'रीअर या छायाचित्रकारानं ते कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात १९९६ साली टिपलं होतं. कित्येकांनी तो संगणक मोडीत जाईपर्यंत ते बदललं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही.

ही मांडणी आली कुठून, हे थोडक्यात सांगितलं पाहिजे. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीचं पालो आल्टो इथलं संशोधन केंद्र होतं. तिथे सत्तरच्या दशकात कागदांनी भरलेल्या कचेरीतलं टेबल डोळ्यांपुढे ठेवून पडदा आखला गेला: फाइल, फोल्डर, कागदांसारख्या एकावर एक खिडक्या. झेरॉक्सचा 'स्टार' १९८१ला आला, ॲपलचा 'लिसा' १९८३ला, 'मॅकिंटॉश' १९८४ला. २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आलं आणि त्याबरोबर खालची पट्टी आणि डावीकडचं 'स्टार्ट' बटण. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचा संगणकाशी पहिला परिचय त्या बटणापासूनचा, म्हणून तेच निसर्गनियम वाटतं. तसं ते नाही. २०१२ साली विंडोज ८मध्ये ते बटण काढून टाकलं, ओरड झाली, पुढच्याच वर्षी ८.१मध्ये परत आणलं. २०२१च्या विंडोज ११मध्ये ते मधोमध सरकलं. लिनक्सच्या बाजूला २०११ साली ग्नोम ३ या डेस्कटॉपनं खिडकी लहान करायचं बटण आणि पडद्यावरचे आयकॉन दोन्ही उडवले. त्यावर चिडलेल्यांनी जुनी वळणं जपण्यासाठी 'माटे' आणि 'सिनॅमन' अशी दोन वेगळी बिऱ्हाडं केली. ती आजही नांदताहेत.

या उलथापालथीतून कामाची एक गोष्ट हाती लागते. जागेवर विसंबलेली सवय दर पाच-सात वर्षांनी मोडते, कीबोर्डावरची टिकते. कापणे, नक्कल करणे, चिकटवणे आणि केलेलं मागे घेणे यांसाठी झेड, एक्स, सी, व्ही या शेजारी शेजारी असलेल्या चार कळा लिसावर १९८३ साली आल्या. लॅरी टेस्लर हे त्यामागचं प्रमुख नाव. ते २०२० साली गेले. त्या चार कळा चाळीस वर्षं जागच्या हललेल्या नाहीत. म्हणून स्टार्ट मेनूत प्रोग्रॅमची चित्रं लावत बसण्यापेक्षा विंडोजची कळ दाबून नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करायची आणि एंटर मारायचा, ही सवय लावा. हीच पद्धत लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपांवर चालते, आणि मॅकवर कमांड-स्पेसनं २००५पासून चालत आली आहे. उद्या बटण छतावर गेलं तरी तुम्हाला फरक पडत नाही.

शॉर्टकटांची दोनशे ओळींची यादी छापून भिंतीवर लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातले बहुतेक जण माऊसच वापरतात. यादी पाठ होत नाही. स्वतःचा दिवस आठवा आणि जे काम सर्वांत जास्त वेळा करता त्याचीच कळ शिका. बिलं आणि पत्रं करणाऱ्याला विंडोज-व्ही ही एक कळ पुरेशी आहे. २०१८च्या अखेरीपासून विंडोजमध्ये मागच्या पंचवीस नकला साठवण्याची सोय आहे, पण ती सुरुवातीला बंद असते. पहिल्यांदा विंडोज-व्ही दाबलं की ती चालू करू का असं विचारलं जातं, हो म्हणा. मग गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक एकामागून एक उचलायचे आणि दुसऱ्या खिडकीत जाऊन हवे तसे टाकायचे, दर वेळी ये-जा नको. पडद्याचा तुकडा कापून पाठवायचा असेल तर विंडोज-शिफ्ट-एस. मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायची जी रीत पडली आहे, ती यामुळे थांबली तर मी या पुस्तकाचं सार्थक समजेन. जागेवरून उठताना विंडोज-एल. आणि दोन खिडक्या शेजारी शेजारी हव्या असतील तर विंडोज आणि डावा किंवा उजवा बाण. ही सोय २००९च्या विंडोज ७पासून आहे आणि अजूनही लोक कोपरा धरून खिडकी ताणत बसतात.

आता मराठीकडे येतो, कारण या पुस्तकाचं सगळ्यांत लांब प्रकरण तेच झालं आहे आणि त्याबद्दल मला दिलगिरी वाटत नाही. इंग्रजी पुस्तकांत ते सापडणार नाही.

तिन्ही घराण्यांत मराठी लिहिण्याची सोय आधीपासूनच बसवलेली आहे. कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, कुठल्या अनोळखी ठिकाणाहून 'मराठी टायपिंग' नावाची फाइल उतरवावी लागत नाही; तसं करूही नये. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. कीबोर्ड दोन प्रकारचे मिळतात. एक इनस्क्रिप्ट, दुसरा २०१९पासून आलेला फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की देवनागरी होणारा. विंडोज-स्पेस दाबलं की इंग्रजी आणि मराठीत ये-जा होते. ग्नोममध्येही हीच जोडी चालते. मॅकवर 'देवनागरी' आणि 'देवनागरी क्वर्टी' अशा दोन मांडण्या आहेत.

कोणता घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे: रोज पानभर मराठी लिहिणाऱ्यानं इनस्क्रिप्ट शिकावा. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची विभागणी आहे. 'क' इंग्रजी केच्या कळीवर, शिफ्ट धरला की 'ख'. शेजारच्या आयवर 'ग', शिफ्टसह 'घ'. शिकायला पंधरा-वीस दिवस कंटाळवाणे जातात. पण एकदा बसला की तोच विंडोजवर, तोच लिनक्सवर आणि सरकारी कचेरीतल्या यंत्रावरही. कन्नड, बंगाली, गुजराती कीबोर्डांतही 'क'ची जागा तीच, कारण तो सगळ्या भारतीय लिप्यांना समोर ठेवून आखला आहे. फोनेटिकचं आकर्षण मला कळतं. मोबाइलवर चार ओळी लिहायला तो सोयीचा आहे. पण त्यात डोकं आधी मराठी शब्दाचं रोमन स्पेलिंग करतं, मग यंत्र त्यावरून मराठीचा अंदाज बांधतं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय कधी तुमच्या हातून यंत्राच्या हाती जातो ते कळतही नाही. टंकलेखनाच्या जुन्या परीक्षा देऊन आलेल्यांची बोटं रेमिंग्टनच्या मांडणीला सरावलेली असतात. त्यांनी ती सोडावी असं मी म्हणणार नाही. तीही युनिकोडमध्ये मिळते.

इनस्क्रिप्ट शिकणारे हमखास अडतात ते 'दुसऱ्या', 'ऱ्हस्व' या शब्दांतल्या आडव्या रफारापाशी. 'र'ला हलन्त देऊन 'य' लिहिला की 'दुसर्या' होतं, रफार डोक्यावर जातो. उपाय सोपा आहे: जेच्या कळीवर 'र' आहे, शिफ्ट धरून तीच दाबली की नुक्तावाला 'ऱ' येतो, मग डीवरचा हलन्त, मग 'य'. या एका गोष्टीसाठी लोक दुसऱ्या फाइलीतून 'ऱ्य' उचलून चिकटवत असतात.

इथेच आणखी एक खाच आहे आणि ती दिसत नाही म्हणून जास्त त्रासाची. आडवा रफार दोन प्रकारे घडवता येतो: वर सांगितलेल्या 'ऱ'नं, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. 'ॲ'चंही तसंच. २००८च्या युनिकोड ५.१मध्ये त्याला स्वतःचं घर मिळालं, त्याआधी तो 'अ'वर चंद्र ठेवून लिहीत असत आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तसाच उमटवतात. म्हणून 'ॲडव्हान्स' नावाची फाइल समोर दिसत असून शोधात सापडत नाही. कचेरीत चार जण एकाच फोल्डरमध्ये काम करत असतील तर चौघांनी एकच कीबोर्ड वापरावा, हा सल्ला भाषाशुद्धीसाठी नाही. फाइल सापडावी म्हणून आहे.

अक्षरांच्या वळणाबद्दलही बोललं पाहिजे. विंडोजवर वर्षानुवर्षं जो 'मंगल' फॉन्ट दिसत आला तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे, सुलेखनकार, स्वतः मराठी कवी. जगभरच्या संगणकांवरची देवनागरी एका मराठी माणसाच्या हातची होती, हे आपल्याला सहसा सांगितलं जात नाही. पण पडद्यावर बऱ्याच फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात, आणि पुस्तकातला मराठी 'ल' बघून वाढलेल्या डोळ्याला ते खुपतं. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली की आपलं वळण आपोआप येतं. म्हणून लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करणं हे नुसतं शुद्धलेखन तपासणीसाठी नसतं. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' किंवा मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' यांसारखे मोफत फॉन्ट बसवून बघा. फॉन्ट बसवणं म्हणजे फाइलवर उजवी टिचकी आणि 'इन्स्टॉल', इतकंच असतं.

आणि जुना साठा. युनिकोड येण्याआधी आणि आल्यावरही बरीच वर्षं छापखान्यांत 'श्रीलिपी', सी-डॅकचे 'सुरेख', 'योगेश' असे फॉन्ट चालले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट नाही तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तो मजकूर यंत्राच्या लेखी मराठी नाहीच. त्यात शोध घेता येत नाही, तो वाचून दाखवता येत नाही. ज्यांच्याकडे असे दिवाळी अंक, संस्थेची इतिवृत्तं, वडिलांची हस्तलिखितं पेजमेकरच्या फाइलींत पडून आहेत, त्यांनी ती युनिकोडमध्ये बदलण्याचं काम पुढे ढकलू नये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे. ती उघडू शकणारी यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत.

आता सगळ्यांची आवडती तक्रार: पीसी स्लो झालाय. यावर दुकानातलं ठरलेलं उत्तर म्हणजे 'फॉरमॅट मारावा लागेल'. कधी कधी खरंच मारावा लागतो. पण बहुतेक वेळा हे डोकं दुखतं म्हणून केस कापण्यासारखं असतं. आधी दोन मिनिटं बघा तरी. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात 'परफॉर्मन्स'खाली सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' लिहिलेला असतो. रोज रात्री शट डाउन करणाऱ्यालाही तिथे अकरा दिवस, वीस दिवस असा आकडा दिसतो. यंत्र खोटं बोलत नसतं. २०१२च्या विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. शट डाउन करताना विंडोज स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवतं आणि सकाळी तेच पुन्हा उचलतं, म्हणजे चालू व्हायला वेळ कमी लागतो. पण त्यामुळे कालचा अडकलेला ड्रायव्हरही आज तसाच अडकलेला येतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं मुळापासून सुरू करतं. म्हणून बंद करून चालू करा आणि रीस्टार्ट करा या दोन गोष्टी एक नाहीत. शिफ्ट धरून शट डाउन केलं तरी पूर्ण बंद होतं. घरात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा. अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर लिनक्स लिहू शकत नाही, आणि लिहू नयेच.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप ॲप्स'ची यादी असते. प्रिंटरबरोबर आलेला मदतनीस, कुठलासा व्हिडिओ-कॉलचा प्रोग्रॅम, दोन वर्षांपूर्वी एकदा वापरलेलं काहीतरी, असे सगळे सकाळी तुमच्याआधी उठून बसतात. अँटिव्हायरस, आवाज आणि टचपॅड यांचं सोडून बाकीचे बंद करा. बंद म्हणजे काढून टाकणं नव्हे. लागेल तेव्हा हातानं उघडता येतात.

एवढं करूनही यंत्र रडत असेल तर त्यात फिरणारी हार्ड डिस्क आहे का ते बघा. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायला ११ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती नोंद सुईखाली येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली मागतं. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, वाट बघणं नसतं. जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलून एसएसडी घालणं हा या पुस्तकातला सर्वांत परिणामकारक सल्ला आहे, आणि गंमत म्हणजे तो सेटिंग्जमधला नाही. 'रजिस्ट्री क्लीनर', 'पीसी बूस्टर' अशी फुकटची औषधं मात्र घेऊ नका. रजिस्ट्रीतल्या चार निकामी ओळींनी संगणक मंद होत नाही. चुकून कामाची ओळ उडाली तर बंद मात्र पडतो.

फाइलींबद्दल दोन गोष्टी. पहिली, फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइलीच्या नावापुढचं शेपूट दाखवायला सांगा. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं, नवख्याला गोंधळ नको म्हणून. या दयाळूपणाची किंमत जगानं मे २०००मध्ये मोजली. प्रेमपत्र म्हणून ईमेलनं आलेल्या फाइलीचं नाव टीएक्सटीवर संपतंय असं दिसत होतं, खरं शेपूट व्हीबीएस होतं आणि ते लपलेलं होतं. उघडली की ती स्वतःला पत्त्याच्या वहीतल्या सगळ्यांना पाठवत असे. पंचवीस वर्षं उलटून गेली, लपवण्याची रीत तशीच आहे, आणि लग्नपत्रिकेच्या नावाखाली आजही तोच डाव टाकता येतो.

दुसरी गोष्ट, क्लाउडवरची नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. सुरुवातीच्या त्या प्रश्नांना हो म्हटलेलं असलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हशी जोडले जातात. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. फुकट जागा पाच जीबी, ती भरली की पुढचं जातच नाही, आणि 'जागा संपली' ही सूचना आपण रोज बंद करत असतो. बाहेरची एक हार्ड डिस्क घ्या, विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' किंवा मॅकमध्ये 'टाइम मशीन' लावा, आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच ठेवली तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावरही हात मारतो.

डोळ्यांचं प्रकरण छोटं आहे, पण घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ते आधी वाचा. अक्षरं बारीक दिसतात म्हणून पडद्याचं रेझोल्यूशन कमी करून दिलेलं असतं; अक्षरं मोठी होतात आणि सगळं पुसट होतं. रेझोल्यूशन पडद्याचं स्वतःचं तेच राहू द्या, 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. माऊसचा बाणही मोठा आणि पिवळा करता येतो. आजोबांचा अर्धा वेळ तो शोधण्यात जातो, हे बहुतेक नातवंडांच्या लक्षात येत नाही.

विंडोज १०चा प्रश्न हे पुस्तक लिहितानाच उभा राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा आधार संपला, आणि टीपीएम २.० या सुरक्षा-चिपेची अट आणि प्रोसेसरची यादी यांमुळे धडधाकट चालणारी पुष्कळ यंत्रं विंडोज ११च्या दारातच अडवली गेली. सुरक्षा-अपडेट वर्षभर पुढे मिळवण्याची योजना आहे. ती घेणं शहाणपणाचं. पण ती मुदत संपल्यावर सहा-सात वर्षांचा चांगला लॅपटॉप भंगारात घालण्याआधी लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरून चालवून बघा. डिस्कवर काही न बसवता अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालते. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड तपासा, आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्या. उबुंटूच्या सीडी एकेकाळी टपालानं घरपोच फुकट येत. इंजिनिअरिंगच्या कित्येक वसतिगृहांत लिनक्स असंच पोचलं. टॅली किंवा एखादा ठरावीक सरकारी प्रोग्रॅम यांवर ज्यांचं पोट आहे त्यांनी मात्र आधी तो लिनक्सवर चालतो का ते पाहावं. उत्साहात सोमवार सकाळ घालवू नये.

क्रॅक टाकलेल्या विंडोजबद्दल या पुस्तकात एकही युक्ती नाही. क्रॅक चालवायचा म्हणजे अँटिव्हायरस बंद करून अनोळखी प्रोग्रॅमला यंत्राच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या. त्यानंतर सुरक्षेवरचं प्रकरण वाचण्यात अर्थ उरत नाही. गेमिंग, सर्व्हर आणि मोबाइल हेही विषय घेतलेले नाहीत.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. मात्र एक वही जवळ ठेवा. कुठली सेटिंग बदलली, आधी काय होती, तारीख काय, एवढ्या तीन गोष्टी हातानं लिहा. संगणकातच लिहून ठेवलं तर संगणक बिघडल्यावर ते वाचता येत नाही. एका बैठकीत एकच बदल करा आणि दोन दिवस वापरून बघा. यंत्र विंडोज १०वर असेल तर शेवटून दुसरं प्रकरण आधी काढा, आणि त्याच्याही आधी बॅकअपचं.